‘के/सी/ओ’: केस पेपरवरची तीन अक्षरं आणि नाकारलेला क्लेम

विमा कंपनीचं नकारपत्र आलं की बहुतेक जण शेवटची ओळ वाचतात, ‘क्लेम देय नाही’, आणि एजंटला फोन लावतात. खरं कारण त्या ओळीच्या वर, पत्राच्या मधोमध असतं. वैयक्तिक पॉलिसीच्या पत्रांत ते साधारण असं असतं: ‘रुग्णालयाच्या नोंदीनुसार रुग्णास सहा वर्षांपासून उच्च रक्तदाब आहे. प्रपोजल फॉर्ममध्ये ही माहिती दिलेली नाही. सबब क्लेम नामंजूर व पॉलिसी रद्द.’ प्रपोजल फॉर्म म्हणजे पॉलिसी घेताना भरलेला अर्ज.

ही नोंद झाली कशी, ते आधी पाहू. रात्री अकराला छातीत दुखतं म्हणून वडिलांना ॲडमिट करतात. ड्युटीवरचे डॉक्टर इसीजी काढता काढता विचारतात, “बीपी, शुगर काही?” मुलगा म्हणतो, “बीपीची गोळी आहे.” “किती वर्षं?” “झाली असतील की पाच-सहा वर्षं.” डॉक्टर इतिहासाच्या पानावर लिहितात: के/सी/ओ एचटीएन, सहा वर्षं. के/सी/ओ म्हणजे ‘नोन केस ऑफ’, हा आजार आधीपासून माहीत असलेला रुग्ण. एचटीएन म्हणजे उच्च रक्तदाब. गोळी खरंतर तीन वर्षांपूर्वी सुरू झालेली असते आणि पॉलिसी चार वर्षांपूर्वीची. आकडा घाबरलेल्या मुलाने अंदाजाने सांगितलेला असतो. डॉक्टरांना तो उपचारापुरता हवा होता, तीन की सहा याने त्यांच्या इंजेक्शनमध्ये फरक पडणार नव्हता. क्लेम तपासणाऱ्या माणसाच्या टेबलावर मात्र तोच आकडा पुरावा होतो, कारण सहा वर्षं म्हणजे पॉलिसीच्या आधीची दोन वर्षं.

नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीत हा प्रश्न सहसा येत नाही. तिथे आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात, कुणी फॉर्ममध्ये तब्येत विचारत नाही, आणि क्लेम अडकला तर एचआर विभाग कंपनीशी बोलतो. स्वतःच्या खिशातून पॉलिसी घेणारा दुकानदार, शेतकरी, फ्रीलान्सर किंवा निवृत्त शिक्षक एकटा असतो. त्याची तब्येत पॉलिसी घेताना एकदा तपासली जाते आणि क्लेम आला की मागे वळून पुन्हा. नकाराची बहुतेक भांडणं या दुसऱ्या तपासणीत जन्म घेतात. क्लेम लहान असेल तर फाइल पटकन पुढे जाते. रक्कम मोठी असेल किंवा पॉलिसी नवी असेल तर कंपनी तपासनीस पाठवते, आणि तो रुग्णालयात सगळ्यात आधी इतिहासाचं पान मागतो.

आकडे द्यायचे तर विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालाप्रमाणे त्या वर्षी आरोग्य विम्याचे ८३,४९३ कोटी रुपयांचे क्लेम दिले गेले, १०,९३७ कोटींचे थेट नाकारले गेले आणि आणखी १५,१०० कोटी रुपये पॉलिसीच्या अटींखाली अमान्य झाले. म्हणजे पूर्ण नकारापेक्षा मोठी रक्कम अटींवर बोट ठेवून बाजूला पडते. त्यातल्या काही अटींकडे पुढे येतोच.

छत्तीस महिने आणि साठ महिने

दोन मुदती पाठ असायला हव्यात. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांनुसार आधीपासून असलेल्या आजारासाठी प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो. पूर्वी तो ४८ होता. दुसरी मुदत मोरेटोरियमची, म्हणजे सलग ६० महिन्यांची. पॉलिसी खंड न पडता पाच वर्षं चालली की त्यानंतर माहिती लपवली किंवा चुकीची दिली या कारणाने कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. ही मुदत पूर्वी आठ वर्षं होती. विम्याची रक्कम मध्येच वाढवली असेल तर वाढलेल्या रकमेची साठ महिन्यांची मोजणी वाढवल्या दिवसापासून सुरू होते, हे बऱ्याच जणांना क्लेमच्या वेळी कळतं.

आता या दोन मुदती शेजारी ठेवा. समजा वडिलांना पॉलिसी घेतानाच बीपी होतं आणि ते फॉर्मवर लिहिलं होतं. मग चार वर्षांनंतर प्रतीक्षा काळ संपलेला आहे आणि बीपीतून आलेला हृदयविकाराचा झटकाही पॉलिसीत बसतो. तेच बीपी लपवलं असेल तर चार वर्षांनी साठ महिने अजून भरलेले नाहीत, त्यामुळे कंपनी क्लेम नाकारते, पॉलिसी रद्द करते आणि भरलेला हप्ताही परत देत नाही. बीपी लिहिलं असतं तर फार तर हप्ता थोडा वाढला असता. ‘लिहू नका, उगाच मेडिकल लागेल’ हा सल्ला देणाऱ्या एजंटला कमिशन पहिल्या वर्षीच मिळून जातं, आणि म्हणून तो सल्ला मला अक्षम्य वाटतो.

लपवलेलं खरंच उघड झालं तरी पॉलिसी रद्दच करावी असं नसतं. जादा हप्ता लावून किंवा त्या आजारापुरता नवा प्रतीक्षा काळ लावून पॉलिसी पुढे चालू ठेवणं कंपनीला शक्य असतं. ते लेखी मागावं. साठीतल्या माणसाची पॉलिसी गेली तर दुसरी मिळणं कठीण असतं, त्यामुळे कित्येकदा हातातल्या क्लेमपेक्षा पॉलिसी वाचवणं मोलाचं ठरतं.

फॉर्म भरताना

प्रपोजल फॉर्मवर आरोग्याचे पंधरा-वीस प्रश्न असतात. एजंट किंवा कॉल सेंटरवाला ते तीस सेकंदांत ‘नाही’ करून टाकतो, तुमच्या मोबाइलवर ओटीपी येतो, तुम्ही तो सांगता, आणि ती तुमची सही झाली. नंतर ‘फॉर्म मी भरलाच नव्हता’ या म्हणण्याला फारसं वजन राहत नाही.

घरात करायची गोष्ट साधी आहे. गोळ्यांचा डबा टेबलावर उपडा करा. प्रत्येक स्ट्रिपवरचं औषधाचं नाव वाचा आणि ते कशासाठी चालू आहे ते कागदावर लिहा. टेल्मिसार्टन किंवा ॲम्लोडिपिन असेल तर बीपी. मेटफॉर्मिन असेल तर शुगर, मग ‘बॉर्डरवर आहे, डॉक्टर म्हणाले काळजी नको’ असं असलं तरी. थायरॉक्सिन म्हणजे थायरॉइड. ॲटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल, आणि हे सर्वांत जास्त विसरलं जातं, कारण ‘ती तर हृदयासाठी चांगली गोळी’ असं घरात मानलेलं असतं. त्यानंतर मागच्या तीन-चार वर्षांचे रिपोर्ट काढा. पोटाच्या सोनोग्राफीत सहज दिसलेला पित्ताशयातला खडा, गर्भाशयातली गाठ, फॅटी लिव्हर, एमआरआयमध्ये दिसलेली मणक्याची झीज. दुखत नसलं तरी कागदावर ते निदान आहे.

परदेशातून आई-वडिलांची पॉलिसी ऑनलाइन घेणाऱ्यांसाठी हे तर अत्यावश्यक आहे. न्यू जर्सीत बसून नाशिकच्या आईची तब्येत आठवणीने भरू नका. व्हिडिओ कॉलवर डबा उघडायला लावा. ‘मला काही नाही रे’ असं म्हणणाऱ्या आईच्या डब्यात तीन स्ट्रिप निघतात.

एक बारकावा आहे. ‘आधीपासूनचा आजार’ याची आजची व्याख्या पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांतलं निदान, सल्ला किंवा उपचार अशी आहे. पण फॉर्मवरचा प्रश्न कित्येकदा ‘कधीही’ असा असतो: तुम्हाला कधी शस्त्रक्रिया झाली आहे का, कधी दम्याचा त्रास होता का. व्याख्येत बसत नाही म्हणून उत्तर ‘नाही’ देऊ नका. जे विचारलंय त्याचं उत्तर द्या आणि वर्ष लिहा. वीस वर्षांपूर्वीचं अपेंडिक्स लिहिल्याने हप्ता वाढत नाही.

पॉलिसी आली की सोबत प्रपोजल फॉर्मची प्रत असते. ती उघडून आरोग्याच्या प्रश्नांची उत्तरं वाचा. चूक दिसली तर कंपनीला ईमेल करा: ‘प्रश्न अमुक, उत्तर नाही असं नोंदलं आहे, खरं उत्तर होय, उच्च रक्तदाब, औषध टेल्मिसार्टन ४०, सुरुवात मार्च २०२१.’ पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांचा फ्री-लूक काळ असतो. कंपनीने लावलेली नवी अट पटली नाही तर त्या मुदतीत पॉलिसी परत करता येते. फोनवरून टेलि-मेडिकल, म्हणजे तब्येतीची विचारपूस, झालं असेल तर त्या रेकॉर्डिंगची तारीख आणि वेळ टिपून ठेवा. वाद झाला तर ते रेकॉर्डिंग मागता येतं, आणि तुम्ही बीपी सांगितलं होतं पण पलीकडच्याने नोंदवलं नाही, हे त्यातच सिद्ध होतं.

पॉलिसीच नाकारली तर

क्लेमच्या आधीच दार बंद होण्याचा प्रकारही आहे. कर्करोग, पक्षाघात, किडनीचं डायलिसिस, अवयवरोपण, अँजिओप्लास्टी यांपैकी काही झालं असेल तर कंपनी प्रस्तावच परत पाठवू शकते. नियमाने नकार लेखी आणि कारणासह मिळायला हवा. तोंडी ‘होणार नाही’ असं सांगून एजंट फाइल बंद करत असेल तर पत्र मागा. हे पत्र जपून ठेवा, कारण पुढच्या कंपनीच्या फॉर्मवर ‘यापूर्वी कुणी प्रस्ताव नाकारला आहे का?’ हा प्रश्न असतोच आणि त्याला खरं उत्तर द्यावं लागतं. एकीने नाकारलं म्हणजे सगळ्या नाकारतील असं नाही. जोखीम तोलण्याचे निकष प्रत्येकीचे वेगळे असतात. मधुमेहींसाठी आणि हृदयरुग्णांसाठी खास पॉलिसीही बाजारात आहेत.

वय ६५ च्या वर आहे म्हणून प्रवेश नाही, हे कारण आता नियमात बसत नाही. २०२४ पासून सर्व वयोगटांसाठी पॉलिसी ठेवणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. अपंगत्व, एचआयव्ही आणि मानसिक आजार असलेल्यांसाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये आयआरडीएआयने नमुना पॉलिसी घालून दिली. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अपंग व्यक्तींसाठी पॉलिसी तयार करा असा निर्देश दिला होता. एजंटला ही पॉलिसी बहुधा माहीत नसते. कंपनीच्या शाखेत नाव घेऊन विचारावं लागतं.

तोवर सरकारी छत्र तपासा. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आता सर्व शिधापत्रिकाधारकांना, पांढऱ्या कार्डालाही, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत लागू आहे. ती फक्त अंगीकृत रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांसाठी चालते. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड मिळतं. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख. नोकरी सोडणाऱ्यांनी ग्रुप पॉलिसीतून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज शेवटच्या कामाच्या दिवसाआधी करावा. ग्रुपमध्ये काढलेली वर्षं प्रतीक्षा काळात धरली जातात.

रुग्णालयात काय सांगायचं

औषधांची आणि आजारांची एक फाइल घरात हाताशी असू द्या. पहिल्या पानावर फक्त तारखा: बीपीचं पहिलं प्रिस्क्रिप्शन, डॉक्टरांचं नाव, पॉलिसीची पहिली तारीख. ॲडमिट करताना अंदाज सांगू नका. माहीत नसेल तर ‘नक्की तारीख फाइलमध्ये आहे, सकाळी दाखवतो’ असं सांगा. डॉक्टर तेवढंच लिहितात. दारू-तंबाखूच्या प्रश्नालाही हेच लागू. लग्नाकार्यात कधीतरी घेतलेला पेला ‘क्रॉनिक अल्कोहोलिक’ असा उतरला तर यकृताच्या आजाराचा क्लेम दारूच्या कलमाखाली अडकतो. खरं ते सांगा, पण प्रमाण आणि काळ नेमका सांगा.

चुकीची नोंद झालीच असेल तर डिस्चार्जच्या आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. ते नोंद न खोडता खाली नवी नोंद करतात, तारीख, वेळ आणि सहीसह. जुन्या ओळीवर गिरवणं किंवा पान बदलून घेणं हे कदापि करू नका. प्रामाणिक चुकीची केस त्या क्षणी फसवणुकीची होते आणि फसवणुकीला साठ महिन्यांचं संरक्षण नाही.

डिस्चार्जनंतर लक्षात आलं तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ‘रुग्णाला बीपी तीन वर्षांपासून आहे’ एवढं एक वाक्य पुरत नाही, कारण तपासणारा विचारतो, मग आधी सहा का लिहिलं? प्रमाणपत्रात तीन गोष्टी हव्यात. आधीची नोंद नातेवाइकांनी तोंडी सांगितलेल्या अंदाजावर होती. पहिल्या निदानाचा कागद अमुक तारखेचा आहे आणि तो मी पाहिला. त्यावरून कालावधी इतका. त्या कागदाची प्रत सोबत जोडा. पॉलिसीच्या आधीच्या वर्षातला एखादा नॉर्मल बीपीचा आरोग्य तपासणी अहवाल असेल तर तो सोन्यासारखा.

इनडोर केस पेपरची पूर्ण प्रत घ्या. डिस्चार्ज कार्ड हा सारांश असतो, क्लेमचं भांडण केस पेपरवर होतं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

नकाराची बाकी कारणं

‘ॲडमिट करण्याची गरज नव्हती’ हे कारण ताप, डेंग्यू, जुलाब, पाठदुखी यांत वारंवार दिसतं. भाषा अशी असते: रुग्णाचे व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप) स्थिर, तोंडावाटे औषधं, उपचार ओपीडीत शक्य. केवळ तपासण्यांसाठी ॲडमिट झाल्याचं म्हणणं असेल तर पत्रात ‘एक्सक्ल ०४’ असा संकेत असतो. एक्सक्ल म्हणजे एक्सक्लूजन, पॉलिसीतून वगळलेली बाब. ०१ ते १८ हे संकेत सगळ्या कंपन्यांना सारखे आहेत. ०१ आधीचे आजार, ०२ ठरावीक आजारांचा प्रतीक्षा काळ, ०३ पहिले तीस दिवस. संकेत पाहिला की कंपनीचं म्हणणं चटकन कळतं.

या नकाराला उत्तर केस पेपरमधूनच मिळतं. तापाचा तक्ता काढा, १०३ वर गेलेली वेळ दाखवा. प्लेटलेट रोज किती उतरल्या, उलट्यांमुळे तोंडाने औषध राहत नव्हतं अशी नर्सची नोंद, शिरेतून दिलेल्या सलाइन आणि इंजेक्शनच्या वेळा. मग डॉक्टरांकडून ‘ॲडमिट का केलं’ याचं पत्र घ्या, त्यात हेच आकडे हवेत. ‘रुग्णाची प्रकृती गंभीर होती’ असं मोघम पत्र टेबलावरून परत येतं.

मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, भगंदर, मुतखडा, पित्ताशयातले खडे, टॉन्सिल, सायनस, गर्भाशय काढणं, गुडघा बदलणं यांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षांचा प्रतीक्षा काळ असतो, मग आजार पॉलिसीनंतर झाला असला तरी. नियमाने तो ३६ महिन्यांपर्यंत नेता येतो. अपघाताने गरज पडली तर हा काळ लागू नाही. तातडी नसलेली शस्त्रक्रिया असेल तर मुदत संपल्याची तारीख पॉलिसीत पाहून मगच दिवस ठरवा. दोन महिने आधी केलेल्या हर्नियाच्या क्लेमसाठी विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारा विमा लोकपालही काही करू शकत नाही.

सगळ्यात जास्त माणसं कोड्यात पडतात ती खोलीच्या भाड्याने. पॉलिसी ५ लाखांची, खोलीची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. घेतलेली खोली ८,००० ची, चार दिवस. घरच्यांचा हिशोब: रोजचे तीन हजार आपले, म्हणजे १२,००० भरू. बिल झालं २,४०,००० रुपये. त्यात खोली ३२,०००. सर्जन, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह आणि नर्सिंग मिळून १,२०,०००. औषधं, इम्प्लांट, तपासण्या ८०,०००. हातमोजे, मास्कसारख्या देय नसलेल्या वस्तू ८,०००. पाच हजार भागिले आठ हजार म्हणजे ६२.५ टक्के. या प्रमाणात खोलीच काय, डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियागृहही कापलं जातं. खोलीचे २०,०००, दुसऱ्या गटाचे ७५,०००, औषधं-तपासण्या पूर्ण ८०,०००, वस्तूंचे शून्य. हातात १,७५,०००, खिशातून ६५,०००.

इथे दोन ठिकाणी कंपनीची चूक पकडता येते. औषधं, इम्प्लांट, वैद्यकीय उपकरणं आणि तपासण्यांवर प्रमाणात कपात करता येत नाही, आणि आयसीयूच्या भाड्यावरूनही ती लावता येत नाही. सेटलमेंट लेटरमध्ये प्रत्येक ओळीपुढे कापलेली रक्कम असते. औषधांच्या ओळीपुढे ३७.५ टक्के कपात दिसली तर ती परत मागा. डॉक्टरांची फी आणि इतर दर खोलीप्रमाणे बदलत नाहीत अशा रुग्णालयात तर ही कपातच लागू होत नाही. तसं पत्र रुग्णालयाच्या बिलिंग विभागाकडून घ्या.

छोट्या गावातल्या रुग्णालयाची नोंदणीच नाही, असाही आक्षेप येतो. स्थानिक नोंदणी प्रमाणपत्र, महाराष्ट्रात नर्सिंग होम नोंदणी कायद्याखालचं, त्याची मुदत चालू असलेली प्रत मागून घ्या. नूतनीकरण रखडलेलं असणं ही नेहमीची गोष्ट आहे.

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नव्हे. २९ मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची आहे. तीन तासांच्या पुढे गेल्यामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली तर ती कंपनीने सोसायची. ‘कागद अपुरे, नंतर रिइम्बर्समेंटने या’ असा निरोप आला की पैसे भरून मूळ बिलं, पावत्या, रिपोर्ट, इम्प्लांटचं स्टिकर सगळं घ्या आणि पॉलिसीतल्या मुदतीत क्लेम टाका. कॅशलेस नाकारल्याचं पत्रही जोडा.

पत्राला उत्तर

त्याच परिपत्रकात आणखी एक नियम आहे, तो फार उपयोगाचा. क्लेम पूर्णपणे नाकारायचा तर कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीची मंजुरी लागते, आणि पत्रात पॉलिसीतलं नेमकं कलम द्यावं लागतं. म्हणून पहिल्या ईमेलमध्ये तीनच गोष्टी मागा: कलमाचा क्रमांक, कमिटीच्या मंजुरीचा तपशील, आणि ज्या कागदावर नकार आधारला त्याची प्रत, तपासनिसाचा अहवाल धरून. भावना, रुग्णाचं वय, किती वर्षं हप्ता भरला हे या पत्रात नको.

उत्तर आलं की कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे मुद्देसूद तक्रार करा. एक मुद्दा, त्याखाली एक कागद. त्याच दिवशी आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर नोंदवा, टोल फ्री क्रमांक १५५२५५. पोर्टल स्वतः निवाडा देत नाही, पण तारखेसह नोंद होते आणि कंपनीला चौदा दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

मजकुरात न्यायालयाचा आधार द्यायचा तर दोन निकाल दोन बाजूंना आहेत, दोन्ही माहीत हवेत. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मधुमेह आणि किडनीचा आजार लपवल्याच्या प्रकरणात मेडिक्लेमचा नकार योग्य ठरवला. कंपनीचे वकील हाच निकाल पुढे करतात. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने वेगळ्या प्रकरणात पॉलिसीधारकाच्या बाजूने निकाल दिला. त्याने मधुमेह सांगितला होता, कोलेस्टेरॉलची गोळी सांगितली नव्हती, आणि अमेरिकेत पोचल्यावर हृदयविकाराचा झटका आला. तब्येतीची माहिती घेऊन, तपासून पॉलिसी दिल्यावर त्याच आजाराचं कारण सांगून क्लेम नाकारता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. तुम्ही फॉर्मवर मुख्य आजार लिहिला असेल आणि एखादी गोळी राहून गेली असेल तर हा निकाल तुमच्या कामाचा. काहीच लिहिलं नसेल तर त्याचा आधार घेऊ नका, उलटतो.

कंपनीने एका महिन्यात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर विमा लोकपाल. अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत, ५० लाख रुपयांपर्यंतच्या मागणीसाठी, विनाशुल्क, वकिलाशिवाय. तक्रार ऑनलाइन करता येते. तुमच्या पत्त्यावरून कार्यालय ठरतं, गोव्याची प्रकरणं मुंबईकडे येतात. त्याच विषयावर ग्राहक आयोगात केस चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाही, म्हणून आधी लोकपाल, नंतर गरज पडल्यास आयोग. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची असते, ती लोकपालाकडे वाट पाहताना उलटून जाऊ देऊ नका. आयोगाची पायरी आता भरलेल्या हप्त्यावरून ठरते, क्लेमच्या रकमेवरून नाही. त्यामुळे वैयक्तिक आरोग्य विम्याचं प्रकरण मोठ्या रकमेचं असलं तरी जिल्हा आयोगातच चालतं आणि फी लागत नाही.

लोकपालाची सुनावणी छोटी असते, कधी दहा मिनिटांची. फाइलवर सर्वांत वर एकाच पानाचा तक्ता ठेवा: पॉलिसीची पहिली तारीख, प्रत्येक नूतनीकरण, पहिलं प्रिस्क्रिप्शन, ॲडमिट झाल्याचा दिवस, के/सी/ओची नोंद, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, नकारपत्र. प्रत्येक तारखेसमोर फाइलमधला पान क्रमांक. कंपनीचा प्रतिनिधी ‘सहा वर्षं’ म्हणाला की पहिल्या प्रिस्क्रिप्शनचं पान उघडून दाखवा आणि थांबा. निवाडा तुमच्या बाजूने लागला तर कंपनीला पैसे देण्यासाठी ३० दिवस मिळतात. एकतिसाव्या दिवशी खात्यात रक्कम नसेल तर ईमेल करा आणि त्यात लिहा की उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये तक्रारदाराला देण्याचा नियम आहे.